गोठ्यातला निळा घोडा

बाळकुमला आमच्या घराला लागून व्हेरोनिकाबाईंचं बैठं घर होतं. नाताळ जवळ आला की त्या अंगणात बसून घमेल्यात रिठ्याचं पाणी करायच्या आणि काचेची जनावरं धुवायच्या. बदक, मासा, मांजर, कोंबडा आणि एक निळा घोडा. उन्हात धरली की आत सोन्याचे कण दिसायचे. मग ती सगळी येशूबाळाच्या गोठ्यात बैलाशेजारी मांडायच्या. गोठ्यात मासा कसा, असं मी एकदा विचारलं. "थॉमसने आणलाय म्हणजे राहील उभा," त्या म्हणाल्या.

थॉमस म्हणजे त्यांचा नवरा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे असं सांगायचा. वर्ष वर्ष बाहेर असायचा, आला की एक जनावर घेऊन यायचा आणि महिनाभर राहून परत जायचा. घोडा आणला तेव्हा त्याने गावभर सांगितलं होतं, की व्हेनिसजवळच्या बेटावर तो भट्टीपुढे उभा राहिला, कारागिराने चिमट्याने घोड्याची मान त्याच्यादेखत ओढली. लोक तोंडावर ऐकून घ्यायचे आणि मागे म्हणायचे, कसली इटली, त्याचं उरणला दुसरं घर आहे. व्हेरोनिकाबाईंनी लोकांकडे धुणीभांडी करून मुलाला, नेविलला, वाढवलं. पण कोणी उरणचं नाव काढलं की त्या जनावरं ठेवलेल्या कपाटाकडे बोट दाखवायच्या. "असली काच उरणच्या बाजारात मिळते का?"

थॉमस वारून बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी घर पाडून टॉवर उठायचं ठरलं आणि सामान बांधायला काढलं. मी मदतीला गेले होते. नेविलची बायको टान्या म्हणाली, "मम्मी, ही फिरोजाबादची काच आता टाका ना."

"इटलीची हाय ती."

नेविल खोक्याला चिकटपट्टी लावत होता. मान वर न करता म्हणाला, "डॅडी उरणच्या पुढे गेलेला असेल तर ना, मम्मी."

गाव बोलायचं ते आता पोटचा मुलगा बोलला. व्हेरोनिकाबाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. "वहिनी, ही कोणी बनवली ते सांगणारा माणूस असतो का कुठे? इटलीवाल्याचं नाव निघालं तर माझा नवरा खोटा नव्हता. नाय निघालं तर नेविल खरा."

टेंभी नाक्याला महेंद्र म्हणून एक जण जुनी घड्याळं, झुंबरं विकतो, माझ्या यजमानांच्या ओळखीचा. टॉवेलात गुंडाळून आम्ही सगळी जनावरं तिथे नेली. देवीच्या मंडपाचे बांबू लागत होते, मी तिथूनच हात जोडले. या बाईच्या मनासारखं होऊ दे, एवढंच मागितलं.

महेंद्रने भिंग लावलं. एका रंगाच्या पोटात दुसरा रंग कसा ओतलाय ते पाहिलं, तळाशी सळीवरून तोडल्याची खूण कशी घासलीय ते बोटाने चाचपलं. "माल तिकडचाच, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचा. पण भट्ट्या पुष्कळ, आणि सगळ्या एकमेकांची नक्कल करायच्या. सही क्वचितच असते. नाव तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळतं. चिठ्ठ्या नव्हत्या का?"

"होत्या की. एक सोनेरी, एक पांढरी. दर वेळी दोन असायच्या. येशूच्या पुढ्यात दुकानाच्या चिठ्ठ्या कशाला, म्हणून मीच खरवडायची. इंग्लिश कुठे वाचता येतं मला."

"काय हे आजी, बनवणाऱ्याचं नावच धुऊन टाकलंत."

मग त्याने घोडा उचलला. घोडा प्लायच्या तुकड्यावर चिकटवलेला होता. थॉमसनेच आणल्या दिवशी एमसील लावलं होतं, नेविल लहान होता, ओढून पाडेल म्हणून. त्यामुळे त्याचा तळ कधी धुतलाच नव्हता. महेंद्रने एमसील गरम करून पात्याने कडेकडेने सोडवलं. मधली खोलगट जागा कोरडी होती. तिथे दोन्ही चिठ्ठ्या जशाच्या तशा.

सोनेरी त्याने भिंगाखाली वाचली आणि भट्टीचं नाव सांगितलं. व्हेरोनिकाबाईंनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. "बघा वहिनी," म्हणाल्या.

"आणि ही पांढरी आपल्याकडची," महेंद्र खुशीत होता. "फोर्टात दुकान होतं, परदेशी वस्तूंचं. आता बंद झालं."

"म्हणजे हा इटलीत नाय घेतला?"

"बनला इटलीत, आजी. घेतला मुंबईत."

रिक्षात त्यांनी घोडा मांडीवर उलटा धरला आणि बाळकुम येईपर्यंत नखाने पांढरी चिठ्ठी खरवडली. सोनेरीला हात लावला नाही. देवीकडे मागितलं ते आठवून मला थॉमसबरोबर तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

दारात नेविल उभा होता. "काय म्हणाला?"

"मुरानोचा हाय. भट्टीचं नाव पण हाय खाली, वाच."

नेविलने वाचलं. मोबाइलवर शोधलं. मग भिंतीवरचा बापाचा फोटो उतरवून शर्टाने पुसला. "सॉरी, डॅडी." टान्याने जनावरं पुन्हा टॉवेलात गुंडाळली, या वेळी हळू हाताने.

गेल्या नाताळला मी कोलशेतला त्यांच्या फ्लॅटवर गेले. शोकेसमध्ये आत दिवा लावून जनावरं मांडलीत. नेविल पाहुण्यांना भट्टीची गोष्ट सांगत होता, थॉमसपेक्षा छान. चिमटा कसा धरला ते हाताने करून दाखवत होता. एक बाई म्हणाली, "आंटी, अंकल तुम्हाला नाही घेऊन गेले कधी?"

"नाय," व्हेरोनिकाबाई गोड खाऊची ताटली पुढे करत म्हणाल्या. "कुलकुल घ्या."

आत ओट्याशी त्या मला म्हणाल्या, "पाहुणा आला की परत पहिल्यापासून ऐकावं लागतं, वहिनी. आणि मान डोलवावी लागते."

गोठा त्यांच्या खोलीत होता, स्टुलावर. त्यात बाजारातली मातीची मेंढरं होती.