पाटावरचा संगणक
अक्षता हातात घेतल्या की मला सिल्वासातली ती दसऱ्यानंतरची सकाळ आठवते. मी तेव्हा एका कारखान्यात माल रवाना करायच्या टेबलावर होतो. आदल्या दिवशी यंत्रांबरोबर माझ्या संगणकाचीही पूजा झाली होती. स्क्रीनवर झेंडूचा हार होता आणि खोलीत अजून उदबत्तीचा वास रेंगाळत होता. संगणक चालू केला तर अपडेट सुरू झालं, आणि ते संपल्यावर एकही साइट उघडेना. ऑनलाइन ई-वे बिल निघाल्याशिवाय भरलेला ट्रक गेटबाहेर जाणार नव्हता. धुळ्याचा ड्रायव्हर खिडकीतून सारखा विचारत होता, "भाऊ, आज निघणं होईल ना? पोरगी वाट बघून राहिली." मी ब्राउझर बदलला, राउटर बंद करून चालू केला. आमचे कोकणातले मॅनेजर अपडेटच्या नावाने बोटं मोडत होते. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता: अपडेटने साइट अडतील, पण मागे इंटरनेटच्या वायरीजवळचा हिरवा दिवा का विझावा? वायर काढून आत टॉर्च मारला, तर खाचेत कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ अडकलेला! पूजेसाठी सगळ्या वायरी काढून आम्ही संगणकाचा डबा पाटावर आडवा ठेवला होता ना! टाचणीने दाणा काढला, वायर खटकन बसली, दिवा लागला. मॅनेजर दाणा निरखत म्हणाले, "काल मीच जरा भरभरून वाहिल्या हो." ट्रक गेला. अजूनही दसऱ्याला मी संगणकावर अक्षता वाहतो, पण आधी चिमटीतला एक दाणा उजेडात धरून बघतो. एवढ्याशा दाण्याने अख्खा ट्रक अडवून धरला होता.