दुसरी किल्ली

मी मुळात तापट. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि फीची पावती मागायला आलेले पालक आधी खिडकीतून माझा चेहरा बघतात, मग आत येतात. त्यामुळे जुन्या गाड्या विकणारा तो डीलर जेव्हा म्हणाला, "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, डोक्याला ताप नाही," तेव्हा मी त्याला तिथंच धरला. "आत्ता तर छातीठोकपणे सांगत होतात, गाडी टकाटक आहे म्हणून. मग ताप कुठून येणार?"

तो हसला. "एक महिना आहे तुमच्याकडे. विचार करा."

विचार मी रोज करत होते, कारण गाडी हौसेसाठी घेतलीच नव्हती. आईचं डायलिसिस सुरू झालं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, लोणावळ्याहून तळेगाव. एकदा रिक्षा बंद पडली, वेळ चुकली आणि त्या रात्री आईच्या छातीत पाणी झालं. माशासारखं तोंड उघडून श्वास घेत होती बिचारी. तेव्हापासून मला एकच भीती. गाडी वाटेत दगा देईल आणि आई पोचणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात गाडीनं खोड दाखवली. आई नेहमी मागं आडवी होते, पुढची डावी सीट रिकामी. कामशेत गेलं, कान्हे फाटा आला आणि टिंग टिंग सुरू झालं. डावीकडच्या माणसानं पट्टा लावला नाही म्हणून. माणूसच नाही! सीटवर पर्ससुद्धा नव्हती. मी दोन-तीनदा सीटवर थापा मारल्या, शिव्या घातल्या. तळेगावात हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा आवाज थांबला. परत येताना चकार शब्द नाही.

शुक्रवारी तेच. कान्हे फाट्याला सुरू, हॉस्पिटलच्या दारात बंद, येताना गप्प. मी म्हटलं, वायर ढिली असेल, त्या फाट्यावर खड्डा आहे, त्यानं होत असेल. मंगळवारी मी मुद्दाम खड्डा चुकवला. तरी वाजलं. मागून आई डोळे मिटूनच म्हणाली, "आगं, पुढं बसलीय तिला पट्टा लावायला सांग की. मगापासनं वाजतंय."

"कोण बसलीय? कुणी नाही तिथं! झोप तू," मी ओरडले. आई झोपली. मी तळेगावपर्यंत डावीकडं मान वळवली नाही. खोटं कशाला सांगू, भ्याले होते.

त्या संध्याकाळी ठरवलं, वॉरंटी घ्यायची. एकदा वायरींचं कुणीतरी निस्तरावं. वॉरंटीसाठी गाडी तपासायला एक पोक्त गृहस्थ यायचे होते. त्यांना म्हटलं, वाजतं तेव्हाच बघा. ते शुक्रवारी आमच्याबरोबर आले, पुढची सीट मुद्दाम रिकामी ठेवून मागं आईच्या पायाशी बसले. गाडीला जोडलेलं छोटं यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. कान्हे फाटा आला. टिंग टिंग. त्यांनी यंत्राचं बटण दोन-तीनदा दाबून बघितलं.

"काय म्हणतंय?"

"सीटवर मोठं माणूस आहे म्हणतंय," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "सेन्सर गेला असणार. बदलून मिळेल, वॉरंटीत बसतं. फक्त गाडीच्या दोन्ही किल्ल्या लागतील, त्याशिवाय कागद पुढं सरकत नाही."

परत जाताना ते आमच्या गाडीत बसले नाहीत. काम आहे म्हणाले आणि लोकल पकडली.

माझ्याकडं किल्ली एकच होती. डीलर म्हणाला, आधीच्या मालकानं दुसरी दिलीच नाही, हरवली म्हणाला. नवी मागवली तर यायला दोन महिने, आणि माझ्या मुदतीचे चारच दिवस उरलेले. कागदावर मालकाचं गाव होतं, टाकवे बुद्रुक. कान्हे फाट्यावरूनच आत जायचं. मी रविवारी दुपारी एकटीच निघाले.

गाडीचे आधीचे मालक, एक म्हातारबाबा, घरामागच्या गोठ्यात बसले होते. गोठ्यात जनावर एकही नव्हतं, पण भिंतीला खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर दावी. दहा-बारा तरी असतील, झिजून काळी पडलेली. शेवटच्या खुंटीवर, काळ्या दोऱ्यात बांधलेली, माझ्या गाडीची किल्ली.

"आबा, ही तर हरवली होती ना?" माझा आवाज चढला. "माझी आई आजारी आहे, मी इकडं जिवाचं रान करतेय आणि तुम्ही खुशाल खोटं बोलता?"

त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. "खोटं बोललो, व्हय. बैल दिला तरी दावं देत न्हाई आमी, ताई. दावं घरात ऱ्हायलं तर लक्षुमी घर इसरत न्हाई. तशीच ही ठेवली."

हे मला ठाऊक होतं. माझे आजोबाही बैल विकला की दावं सोडून घरी आणायचे. पण गाडीची किल्ली?

"कुणासाठी घेतली होती गाडी?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"हिच्यासाठी. तिची किडनी गेलती. तळेगावला न्यायचो, आठवड्यातनं दोनदा. पट्टा कधी लावायची न्हाई. घुसमटतं म्हणायची. फाट्यावर गाडीनं येग घेतला की ती टिंगटिंग सुरू, ती दवाखान्यापातुर. लय भांडायचो आमी त्यावरनं." ते जरा हसले. "शेवटच्या खेपेला जाताना गाडीत बसून गेली. येताना शववाहिकेत आणली."

माझ्या गाडीत काय वाजतं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्या गाडीत येऊन बसले असते, अशी मला भीती वाटली.

त्यांनी उठून खुंटीवरची किल्ली काढली. "ने. तुझ्या आईच्या जिवाचा सवाल हाय. मेलेल्या माणसापायी जित्याला कशाला अडवू?"

मी हात पुढं केला आणि तसाच थांबवला. किल्लीचं हे दावं इथं असलं तर तिला परतायला घर आहे. हॉस्पिटलच्या दारात ती उतरते, येताना गाडी गप्प असते, म्हणजे ती आपल्या वाटेनं इथं येत असेल. मी दावं नेलं तर ती उतरेल कशाला? मग ती माझ्याच गाडीत राहील, माझ्या आईजवळ. शिकलेली बाई मी, पण त्या गोठ्यात मला हे अगदी सरळ हिशेबासारखं दिसलं.

"राहू दे आबा," मी म्हटलं. "खुंटीवरच असू दे. काढू नका कधी."

वॉरंटीची मुदत बुधवारी संपली. डीलरचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी त्याच्यावर खेकसले. गाडी ठणठणीत आहे. कामशेतच्या चढाला कुरकुरसुद्धा करत नाही. कान्हे फाटा आला की मी गाडी बाजूला घेते आणि रिकाम्या सीटला पट्टा लावते. आवाज बंद होतो. हॉस्पिटलच्या दारात मीच सोडते.

आईची तब्येत मात्र उतरत चाललीय. गेल्या मंगळवारी फाट्यावर मी पट्टा ओढला तर ती मागून म्हणाली, "लावू नगं. आज म्या बसते पुढं. ती म्हणती, सरकून घेते."

"मागंच बसायचं!" मी एवढ्या जोरात ओरडले की फाट्यावरची माणसं वळून बघायला लागली. "हलायचं नाही तिथून, सांगून ठेवते!"

पट्टा मी खटकन लावला आणि तळेगाव येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.