खुर्साबायचा अर्धा भाग

खुर्साबाय रोज संध्याकाळी कळशीभर पाणी नेऊन रस्त्याच्या वळणावरचा खुरीस धुवायची. डिचोलीच्या खाणींवरचे ट्रक घटकाभरात त्या पांढऱ्या क्रुसावर पुन्हा लाल धूळ बसवायचे. लग्न होऊन मी सावंतवाडीहून नवीनच आले होते. विचारलं, "मग धुवायचा कशाला?"

"भुरग्याला न्हाणयलें तरी तें परत मातयेंत खेळटा," ती म्हणाली. "म्हणून आवय न्हाणप सोडटा?" मातीत खेळणाऱ्या पोराला आई न्हाऊ घालतेच ना, तसं.

खुरीस सांभाळणारी म्हणून गाव तिला खुर्साबाय म्हणे. ती विधवा होती, शेजारीच एकटी राहायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला ताब्यात घेतलं. "तेर्साक माझ्या बाजूक बसायचं."

तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मुलांनो, ती दोघांत वाटलेली असते. एकीनं "नमान मारिये" म्हणत पहिला भाग म्हणायचा, दुसरीनं उरलेला. ती कोंकणीत म्हणायची. मला माहेरची मराठीच येत होती. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधीची ती वर्षं. मराठी की कोंकणी यावरून भिंती रंगलेल्या, शेजारी अबोल झालेले. मी संकोचले तेव्हा ती म्हणाली, "तू तुझ्या भाशेंत म्हण गो. सायबिणीला, आमच्या मारियेला, काय मोर्चाक वचपाचें आसा?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रार्थनेचा अर्धा भाग कोंकणी आणि अर्धा मराठी.

उपदेश तिला जमत नसे. सासूबद्दल कुरकुर केली की म्हणायची, "बरें, आतां तिच्या नांवान एक म्हण." मी म्हणे. "दांत चावून म्हटलंस. परत म्हण."

मग विली गेला. तुमच्या आईचा धाकटा भाऊ, भिंतीवरच्या फोटोतला. कावीळ झाली आणि आठवडाभरात सगळं संपलं. मी चर्चमध्ये जाणं बंद केलं. घरी समजूत घालायला पुष्कळ माणसं आली, त्यांतल्या एकानं तर देवाला फुलं आवडतात असंही सांगितलं. खुर्साबाय आली ती दारातच उभी राहिली.

"मला देवाशी बोलायचं नाही," मी म्हणाले.

"नाका तर नाका. उलोवं नाका. येऊन बस मात."

मी तिच्या घरी जाऊन बसले. तिनं आपला अर्धा भाग म्हटला आणि थांबली. माझ्या भागाला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प राहिली आणि मग पुढचा मणी घेतला. सबंध माळ तशीच. मी म्हटलं, "तुला सगळं पाठ आहे, माझं पण तूच म्हणून टाक ना."

"तुझें तुका. तें हांव कशें म्हणूं?"

सबंध पावसाळा तिनं माझी जागा अशी मोकळी ठेवली. एका संध्याकाळी माझ्या तोंडून दोन शब्द निघाले, मग रडणं, मग उरलेले शब्द. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. उठताना माझ्या हातात पाव ठेवत एवढंच म्हणाली, "उंडे गरम आसात. भुरग्यांक व्हर."

म्हातारपणी तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. मी तिच्या खाटेजवळ बसू लागले. तिच्या भागापुरती थांबायची, मग माझा अर्धा मराठीत म्हणायची. माझा संपला की तिचा अंगठा मणी पुढे सरकवे. फादर एकदा प्रेमानं म्हणाले, "दोन्ही भाग तुम्हीच म्हणा, चालतं." मी हो म्हटलं, पण तसं केलं नाही.

एका दुपारी अंगठा सरकला नाही. मी थांबले. तिच्या भागाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ थांबले. मग तिचा हात हातात घेऊन माझा अर्धा म्हटला, कारण तो म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

आता पुढच्या सुट्टीत याल तेव्हा आजी माळ हातात धरून डोळे मिटून गप्प बसलेली दिसेल. झोप लागली समजून हलवू नका. खुर्साबायचा भाग चाललेला असतो.