गप्प नातीसाठी वसईतल्या दोन शाळा

सून गेल्यापासून आमची सहावीतली ईरा वर्गात बोलत नाही. जूनपासून मुलाची बदली वसईला. म्हटलं, शाळा मीच बघून येतो. गप्प मूल तिथे कुणाच्या लक्षात येतं का, एवढंच बघायचं होतं. नाशिकहून सकाळची एसटी धरली. भिवंडी ते चिंचोटी रस्ता हाडं खिळखिळी करतो. हलकं खाऊनच निघा.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत शाळेचा पत्ता विचारला, तर रिक्षावाला म्हणाला, "काका, अ‍ॅडमिशन कुणाचं? तुमचं?"

पहिली शाळा चकचकीत. ऑफिसातल्या मॅडम उत्साहाने सांगू लागल्या, "समुपदेशक दर बुधवारी येतात. वर्गात त्रास देणारी मुलं त्यांच्याकडे पाठवतो."

"आणि त्रास न देणारी?"

"मग प्रॉब्लेमच नाही ना, काका!"

तिथून बसने जुन्या वसईत गेलो. बाजारात सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, दिसली. सुनेला फार आवडायची. पुडा हातात आल्यावर आठवलं, आता कुणासाठी?

दुसरी शाळा चर्चमागे. सातवीच्या टीचर इथल्याच वाडीतल्या. त्यांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. सगळा वर्ग एका तालात कविता म्हणू लागला आणि माझे डोळे भरले. माझ्या लहानपणी आमच्या वर्गाचं कौलारू छत असंच घुमायचं. टीचर मात्र बाकांमधून फिरत, एकेका मुलाजवळ वाकून ऐकत होत्या.

मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "सगळ्यांच्या आवाजात लपता येतं, आजोबा. काही जण नुसते ओठ हलवतात. तसं रोज दिसायला लागलं की त्या मुलाला माझ्यासोबत डबा खायला बसवते. मग घरच्यांशी बोलते. लागलं तर डॉक्टरही सुचवते."

"बोलतात मग मुलं?"

"सगळी नाही. एक मुलगी वर्षभर माझ्याशेजारी जेवली. शब्द नाही. मग तिच्या घरचे गाव सोडून गेले."

ईराबद्दल सगळं सांगून प्रवेश तिथेच पक्का केला.

घरी येऊन दोन दिवस झाले, ती न बोललेली मुलगी मनातून जात नाही. काल ईराला त्या टीचरबद्दल सांगितलं. बराच वेळ तिने ऐकून घेतलं.

"आणि मी नाहीच बोलले तर?"

"तरी जेवायला शेजारी बसवतात," म्हणता म्हणता मीच अडखळलो.

ईराने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिली.