नारळ पंचफुलाच्या देव्हाऱ्यात

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक बुधवारी निघणार आणि शाळेत मुलींना लस गुरुवारी, ही गोष्ट राजेश्रीच्या डोक्यातून जाता जात नव्हती. ती शिक्षिका, जिंतूरहून रोज एसटीने शाळेच्या गावाला यायची. अख्ख्या वाटेत तिला एकच दिसायचं: पंचफुला पिंकीचा हात धरून ट्रकमध्ये चढते आहे, आणि मग सहा महिने मायलेकी उसाच्या फडात. पिंकी तिच्याच वर्गातली, चौदा वर्षांची. तिच्या वर्गातून टोळीबरोबर जाणाऱ्या तशा पाच मुली होत्या, पण राजेश्रीला घोर लागला होता तो पंचफुलाचा. लस ज्या आजारावरची, त्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या दारापर्यंत जाऊन परत आलेली बाई तीच, आणि तिचीच लेक लसीविना जाणार.

दोन वर्षांपूर्वी पंचफुलाच्या अंगावरून पाणी जायचं. टोळीतल्या बायकांकडे त्यावर एकच इलाज होता, गर्भाची पिशवी काढून टाकायची. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की फडात खाडा नाही. पंचफुलानेही तारीख ठरवून टाकली होती. राजेश्री हट्टाने तिला आधी सरकारी दवाखान्यात तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाशी डाग आहे. अजून कर्करोग नाही, पण असाच राहिला तर काही वर्षांनी होऊ शकतो. यामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, लस त्याच्यावरचीच. बहुतेकींच्या अंगातून तो आपसूक निघून जातो, एखादीच्या अंगात ठाण मांडतो. काही मिनिटांच्या उपचारात तो डाग जाळला. वर्षाने तपासलं तेव्हा सगळं साफ होतं.

"पिशवी माझी माझ्यापाशीच हाय," असं पंचफुला त्यानंतर भर फडात कमरेवर हात ठेवून सांगायची.

मंगळवारी राजेश्री टोळीचा मुकादम सूर्यभानला भेटून, ट्रक एक दिवस थांबवा म्हणून विनवून आली. "बाई, कारखाना कुणासाठी थांबत न्हाई," एवढंच तो म्हणाला.

या टोळीची एक रीत होती. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. निघायच्या आदल्या दिवशी मुकादम सगळ्यांत जुन्या कोयत्याच्या घरी नारळ नेऊन देवापुढे ठेवायचा. सकाळी त्या घरची बाई तो ट्रकच्या चाकापुढे फोडायची, मगच ड्रायव्हर गाडी सुरू करायचा. सतरा वर्षं ते घर पंचफुलाचं होतं.

बुधवारी भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं ट्रकमध्ये चढलं. राजेश्री शाळेच्या फाटकात उभी राहून बघत होती. पंचफुला आली ती हात हलवत.

"वैनी, नारळ?" सूर्यभानने विचारलं.

"देवापुढं हाय."

"मंग आणा की."

"उद्या आणते. पोरींला सुई टोचून झाल्यावर."

"एका सुईपायी गाडी आडवायलाव का?"

"मागच्या साली टायर फुटलं तव्हा दीड दिवस थांबलाव का न्हाई, भाऊ? टायरापरीस पोरी हलक्या झाल्या का?"

ट्रकमधली माणसं हसली. सूर्यभान चिडून म्हणाला, "दुकानातून दुसरा नारळ आणतो."

"आणा. फोडणार कोण?"

ट्रकमधून कुणीतरी म्हणालं, "त्या सुईनं पुढं लेकरू होत न्हाई म्हणतेत."

पंचफुलाने वर बघितलं. "पिशव्या काढून बसलेल्या बायांनी हे मला सांगावं? माझ्या दारात चोर शिरला, मंग मी दवाखान्यात पळाले. पोरींच्या दाराला आधीच कडी घालून घ्या की."

मग सगळ्यांत म्हातारी धुरपदाबाई गाठोडं काखेत मारून खाली उतरायला लागली. "मी तर उतरले बाई. नारळ फुटल्याबिगर माझ्यानं गाडीत बसवत न्हाई." तिच्यामागे तिची सून उतरली, मग शेळ्या. दहा मिनिटांत ट्रक रिकामा झाला. सूर्यभान डोक्याला हात लावून ओट्यावर बसला आणि त्याने कारखान्याला फोन लावला.

गुरुवारी वर्गातल्या पाचजणींच्या जागी टोळीतल्या सात मुली आल्या. सातवी सूर्यभानची पुतणी होती. लस दिल्यावर सिस्टरने सगळ्यांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, आणि लस झाली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, असं दोनदा बजावलं. पिंकी दंड चोळत बाहेर आली. "मुंगी चावल्यावानी झालं," ती म्हणाली.

पंचफुलाने नारळ आणला. फोडायच्या आधी तिने राजेश्रीकडे बघितलं. "बाई, तुमची वैष्णवी पिंकीएवढीच हाय ना? तिला कव्हा टोचली?"

राजेश्रीने पर्स खांद्यावर सरकवली. तीन आठवडे ती वर्गात मुलींना लस समजावून सांगत होती. घरी मात्र मोबाईलवर आलेला, लसीची भीती घालणारा एक मेसेज वाचून वैष्णवीच्या लसीच्या संमतीचा कागद तिने तसाच फ्रिजवर ठेवला होता. नवऱ्याने विचारलं की "बघू" म्हणायची.

"आमच्या पोरींला सुई, अन् तुमच्या पोरीला उपास?" पंचफुला हसत म्हणाली. "तुमी कुणाच्या नारळासाठी थांबल्यात, बाई?"

एका घावात नारळ फुटला. पाणी चाकावर उडालं. ट्रक हलला, आणि मागच्या फळीवरून सात हात हलताना दिसले. वळणावर ट्रक दिसेनासा झाला तेव्हा साडेतीन वाजले होते. जिंतूरच्या दवाखान्यातल्या सिस्टर पाचपर्यंत असतात. राजेश्रीने रस्त्यातच पर्स उघडली आणि फोन बाहेर काढून त्यांचा नंबर शोधला.