सागरने आज पल्लवीचं शिल्प फोडलं

मंडळी, उजव्या हाताला टाके पडलेत, त्यामुळे हे डाव्या अंगठ्याने टाइप करतेय. चुका पोटात घाला.

देवपूरच्या कला महाविद्यालयात मी, पल्लवी आणि सागर एकत्र शिकतो. कलेच्या विद्यार्थ्यांवरची एक जपानी ॲनिमे मालिका आम्ही तिघं मिळून बघायचो. तिच्यात प्रत्येकाचा जीव नेमका भलत्याच माणसावर जडलेला. आमचंही तसंच होतं. सागरला पल्लवी आवडायची आणि मला सागर, पण माझं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज दुपारी त्याने तिला वर्गातच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "सागर, माझ्या मनात तसं काही नाही."

त्याने हातोडी उचलली आणि तिने परीक्षेसाठी घडवलेल्या प्लास्टरच्या शिल्पावर तो घाव घालत सुटला. आधी चेहरा गेला, मग मान. ती अडवायला गेली तर त्याने तिचे केस धरले आणि हातोडी तिच्यावरच उगारली. मी मध्ये हात घातला आणि घाव माझ्या हातावर बसला.

"तू कसाले मधमा उनी?" मी मध्ये का आले म्हणून तो अहिराणीत माझ्यावर ओरडला.

त्याने एकदा माझ्याकडे नीट बघावं, असं मला फार वाटायचं. आज त्याने बघितलं, आणि मला फक्त त्याची भीती वाटली.

पोरांनी त्याला धरलं. संध्याकाळी पल्लवीने पोलिसांत तक्रार दिली, साक्षीदार म्हणून मी सही केली. तेव्हापासून आपल्या या देवपूरच्या ग्रुपवर एकच चाललंय, पोरगं बिचारं प्रेमात होतं, त्याचं करिअर बुडेल.

पल्लवी कशी आहे, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंत का?