प्रभू आला नाही, त शुक्रवारी

अनसिंगच्या स्टँडजवळ माझा टेलर बसतो. कपडा टाकला की म्हणतो, "प्रभू आला नाही, त शुक्रवारी घेऊन जा." ही थट्टा नाही. तो ख्रिस्ती आहे; शेवटचे दिवस आलेत, प्रभू कधीही परत येईल, असं तो खरंच मानतो. तरी बटणांची काजं हातानंच करतो, जणू शर्ट वीस वर्षं टिकायला हवा.

दर रविवारी दुकानामागच्या टिनाच्या खोलीत दहा-बारा जण प्रार्थनेला बसतात. गेल्या रविवारी गावातलेच चार दांडगे आत घुसले. त्यांनी ढोलकी फोडली, सतरंजी फाडली, बायांना घाणेरड्या शिव्या दिल्या.

सोमवारी मी गेलो, तर तो तीच सतरंजी मशीनवर शिवत होता. तेवढ्यात त्या चौघांतलाच एक पँटचं कापड घेऊन आला. लग्नाला जायचं होतं म्हणे! लाज कशी वाटत नाही यांना? आणि यानं मुकाट्यानं टेप काढून माप घेतलं. त्यालाही तेच सांगितलं, "प्रभू आला नाही, त शुक्रवारी."

तो जाताच माझा पारा चढला. "त्याची पँट कायले शिवता? हाकलून द्यायचं ना!"

ओठांत टाचण्या धरूनच तो म्हणाला, "आपली लढाई त्याच्यासंगं नाही, भाऊ. त्याच्याकडून जो हे करून घेते, त्या सैतानासंगं हाय. आपून टिकून राहा लागते."

"गप बसणं म्हणजे लढाई का?" मी ओरडलो.

त्यानं टाचण्या काढून ठेवल्या.

"काल ते ढोलकी फोडत होते तवा तुमी समोरच्या हॉटेलात चहा पिऊन राह्यले होते, भाऊ. मी पाह्यलं. तुमचा शर्ट शिवतोच ना मी?"